पहिल्या पोच्याआधीची खरेदी

सोलापूरच्या सात रस्ता चौकात संध्याकाळच्या गर्दीत रोज चारचाकी घालणाऱ्या माणसाला डेंटिंगवाल्याचा नंबर पाठ असावा लागतो. विजापूर रोडकडून आलेले, रंगभवनकडे निघालेले, मोदी भागाच्या बाजूनं मध्येच घुसलेले असे सगळे एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगत असतात. कुणाच्या दुचाकीचं लेगगार्ड दरवाजाला घासतं, कुणाच्या रिक्षाचा मागचा कोपरा मडगार्डाला भिडतो. कुणी थांबत नाही, आणि थांबून तरी काय करणार? घरी आल्यावर मालक बोट फिरवून बघतो, तर तळहाताएवढा पोचा आणि त्यावर दुसऱ्या गाडीच्या रंगाची रेघ.

अशा पोच्यासाठी विम्याच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, आणि त्यामागे सरळ हिशेब आहे. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यातले पहिले १००० रुपये मालकाच्याच खिशातून जातात, त्याहून मोठ्या इंजिनाला २०००. शिवाय एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते, आणि एक दावा केला की पुन्हा शून्यावर येते. दीड-दोन हजारांच्या कामासाठी ही सूट घालवायला कोण तयार होईल? म्हणून लहान पोच्यांचं काम कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपपेक्षा रस्त्याकडेच्या शेडमध्येच जास्त येतं. गावात आधीच दहा डेंटर असले तरी अकराव्याला काम मिळतं ते यामुळेच.

हा अकरावा माणूस म्हणजे आयटीआय करून बाहेर पडलेला मुलगा असेल, चार वर्षं कुणा उस्तादाच्या हाताखाली काढून आता स्वतःचं शेड टाकणारा असेल, किंवा आपल्या जुन्या गाडीवर रविवारी हात साफ करणारा हौशी मालक. तिघांपुढे पहिला प्रश्न एकच : हत्यारं कोणती घ्यायची आणि कितीत? मोबाइलवर शोधलं की लगेच चाळीस-पन्नास नगांची चकचकीत पेटी पुढं येते. तिच्यात अर्धे नग प्लॅस्टिकचे असतात आणि उरलेल्यांपैकी निम्मे वर्षभर हातात येत नाहीत. पेटीतले नग मोजून खरेदी करणं हा या धंद्यातला सगळ्यात महाग मार्ग आहे. डेंटिंगच्या हत्याराची खरी किंमत, ते हत्यार पत्रा किती ताणतं यावरून काढावी. दोनशे रुपयांच्या हातोडीनं दरवाजाचा पत्रा ताणला गेला, तर ती हातोडी त्या दरवाजाच्या भावाला पडली.

ताणणं म्हणजे काय ते आधी बघू, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर उभी आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. पूर्वी तो तुलनेनं जाड असायचा. सोलापूरचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. १८८२ साली याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून पुढे निघालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३पर्यंत रस्त्यावर होती. जुन्या पिढीच्या डेंटरांचे हात या पद्मिनीवर आणि ॲम्बॅसेडरवर बसले. तो पत्रा जोरकस ठोका सोसायचा. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि हलक्या पत्र्याचा जमाना सुरू झाला. आता तर दरवाजाचा पत्रा पातळही आहे आणि पोलादाची जात अधिक ताकदीची आहे. तो सहज वाकत नाही, आणि एकदा वाकला की जागेवर यायलाही कुरकुरतो. जुन्या शेडमध्ये भिंतीला टांगलेली किलोभर वजनाची हातोडी बघून नवशिक्या तशीच घ्यायला जातो, ही पहिली चूक इथून येते.

पोचा नीट बघितला तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. मधला खोलगट भाग बहुतेक वेळा नुसता ओढला गेलेला असतो, त्याला परत वर यायचं असतं. त्याला धरून ठेवते ती कडेची घडी, पोच्याभोवती उठलेली कड. तिथं पत्रा खऱ्या अर्थानं वाकून कडक झालेला असतो. नवशिक्याचा हात आपोआप मधल्या खड्ड्याकडे जातो. तो आतून धाडधाड ठोकतो, खड्डा वर येतो, पण कड तशीच राहते आणि मधला पत्रा मार खाऊन पातळ होतो, पसरतो. आता तेवढ्याच चौकटीत जास्त पत्रा झाला. तो जाणार कुठं? बोटानं दाबला की आत, सोडला की बाहेर, टपटप वाजत राहतो. मग उस्ताद येऊन हात फिरवतो आणि म्हणतो, “पत्रा ताणलाय ओ मालक, आता पुट्टीच.”

तांबट भांडं मठारतो तेव्हा तांब्याचंही हेच होतं. ठोके बसतील तसं तांबं कडक होत जातं, म्हणून तो मधूनमधून भांडं भट्टीत तापवून पुन्हा नरम करून घेतो. गाडीच्या पत्र्याला ही सवलत नाही. तापवला तर रंग जातो, गंजापासून वाचवणारा जस्ताचा थर जातो, आणि नव्या जातीच्या पोलादाची ताकदही जाते. म्हणून इथं ठोके मोजून आणि विचार करूनच मारायचे.

अमेरिकेत फ्रँक सार्जंट यांनी ‘द की टू मेटल बम्पिंग’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं होतं. हातोड्या आणि पत्राकामाची इतर हत्यारं घडवणाऱ्या फेअरमाउंट या कंपनीनं ते काढलं. जगभरचे डेंटर अजून ते वाचतात. त्यातला गाभा एवढाच की पत्रा ज्या क्रमानं मोडला त्याच्या उलट क्रमानं तो सोडवत यायचा. धक्क्यात शेवटी उठलेली कड आधी बसवायची, पहिला मार बसला ती जागा शेवटी. हे एकदा डोक्यात बसलं की कोणतं हत्यार लागेल ते पोचाच सांगतो.

आता हातोडी. पहिल्या पेटीत दोन पुरतात. एक, दोन्ही बाजूंना सपाट तोंडं असलेली, एक तोंड गोल आणि एक चौकोनी. दुसरी, एका बाजूला गोल तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेली. डोक्याचं वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असलं तर बरं. दुकानात हातोडी हातात घेतल्यावर आधी तिचं तोंड ट्यूबलाइटकडे धरायचं आणि त्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. रेघ सरळ आणि अखंड दिसली तर तोंड चांगलं घासलेलं आहे. रेघ तुटक दिसली, किंवा बारीक चरे दिसले, तर प्रत्येक ठोक्याला ते चरे पत्र्यावर छापले जाणार. मग तोंडाच्या कडेवरून नख फिरवायचं. कड धारदार लागली तर ठोका जरा तिरका पडला की पत्र्यावर अर्धचंद्राची खूण उठणार. कड किंचित गोलावलेली हवी. सपाट म्हणतो ते तोंडही पूर्ण सपाट नसतं, मध्यभागी केसभर फुगीर असतं. शेवटी दांडा मधल्या बोटावर आडवा ठेवून तोल कुठं येतो ते बघायचं. तो डोक्याच्या जवळ आला तर हातोडी मनगटावर झुलते. या कामात खांदा जवळजवळ वापरायचा नसतो, मनगटाच्या झोक्यानं हातोडी पत्र्यावर पडते आणि आपोआप उसळते.

स्वस्त हातोडीचं तोंड खरखरीत निघालं तर टाकून द्यायची गरज नाही. आधी ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८०० आणि शेवटी १५०० काचेवर ठेवून त्यावर तोंड घासलं की ते आरशासारखं होतं. एका संध्याकाळचं काम आहे. महागड्या हातोडीत आणि या हातोडीत उरतो तो फरक लोखंडाच्या घडाईचा, आणि नवशिक्याला तो वर्षभर तरी जाणवणार नाही.

हातोडीइतकंच महत्त्व डॉलीला, किंबहुना थोडं जास्त. डॉली म्हणजे पत्र्याच्या मागे डाव्या हातात धरायचा लोखंडी गोळा. तिचं वजन किलोभर असतं आणि तिच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळे गोलवे असतात. सुरुवातीला दोन पुरे : एक जरा पसरट गोलव्याची, एक टाचेच्या आकाराची, जी दरवाजाच्या काठात आणि कोपऱ्यात घुसते. घडीव घ्यावी. ओतीव डॉली हातोडीनं हलकेच वाजवली तर बद्द वाजते, घडीव खणखणते. ओतीव डॉलीचे टवके उडतात, आणि टवका उडालेली डॉली म्हणजे पत्र्यावर शिक्का.

डॉली कशी धरायची यावरच पत्रा ताणणार की सुटणार ते ठरतं. हातोडी बरोबर डॉलीच्या डोक्यावर मारली तर पत्रा दोघांच्या मध्ये चेपला जातो आणि पसरतो. याउलट डॉली खड्ड्याच्या मागे दाबून धरायची आणि हातोडी शेजारच्या उठलेल्या कडेवर हलकी मारायची. कड खाली बसते, डॉलीच्या दाबानं खड्डा वर येतो, आणि दोन्ही एकमेकांकडे सरकतात. नवशिक्यानं पहिले कित्येक दिवस फक्त हा दुसरा प्रकारच करावा. पहिला प्रकार गरज पडली तरच, अगदी शेवटी.

तिसरं हत्यार म्हणजे चमचा, इंग्रजीतलाच शब्द घेऊन कुणी त्याला स्पून म्हणतं. लांब, चपटी, थोडी वाकवलेली पट्टी. कडेवर ती ठेवून वरून हातोडी मारली की ठोका पसरतो आणि रंगही वाचतो. जिथं हात आणि डॉली जात नाही तिथं आतून उचकायलाही ती चालते. ही दुकानातून घेऊ नये. ट्रकच्या मोडलेल्या पाट्याचा तुकडा लोहाराकडे द्यावा आणि वाकवून, घासून घ्यावा. पाटा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, वाकून परत जागेवर येतो. तयार चमच्याच्या तुलनेत निम्म्यात काम होतं आणि आकार आपल्याला हवा तसा मिळतो.

याच हिशेबानं अनेक शेडमध्ये ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरलेला दिसतो. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय ठाणं, त्यामुळे असा तुकडा कुणीतरी देऊ करणारच. पावती नसेल तर घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ऐरणीसाठी जाड एमएस प्लेटचा तुकडा भंगारवाल्याकडे रीतसर मिळतो.

भंगारवाल्याकडे गेलाच आहात तर तिथून सगळ्यात आधी काय घ्यायचं ते सांगतो, कारण ते यादीत कुणीच धरत नाही. एक जुना दरवाजा. शक्यतो पातळ पत्र्याचा, रंग शाबूत असलेला. तो दोन स्टँडवर आडवा ठेवायचा, आपणच पोचा पाडायचा आणि आपणच काढायचा. ग्राहकाच्या गाडीवर शिकण्यापेक्षा या दरवाजाचे हजार रुपये कमीच. दरवाजावर मॅट काळ्या स्प्रेचा अगदी पातळ हात मारून लांब लाकडी ब्लॉकवर कागद गुंडाळून हलकं घासलं की उंच जागी काळं निघून जातं आणि खोल जागी राहतं. डोळ्याला जे दिसत नाही ते इथं दिसतं. सरावलेले डेंटर डोळे मिटून तळहात फिरवतात, बोटांच्या टोकांऐवजी पूर्ण तळवा टेकवून, आणि मध्ये एखादं पातळ फडकं धरतात. फडक्यानं घर्षण कमी होतं आणि चढउतार जास्त कळतो. नवशिक्याचा तळहात तेवढा तयार होईपर्यंत काळा स्प्रे हाच त्याचा गुरू.

हात तयार झाला नसताना लोकांना मोह होतो तो गोंद आणि प्लॅस्टिकच्या टोप्यांच्या पुलरचा. पोच्यावर गरम गोंदानं प्लॅस्टिकची टोपी चिकटवायची आणि पुलरनं ओढायची. रंग न काढता पोचा निघतो, ही जाहिरात खोटी नाही. पण तो पोचा उथळ, गुळगुळीत आणि घडी नसलेला हवा, आणि रंग कंपनीचा मूळ हवा. एकदा रंगवलेल्या पॅनेलवर टोपीबरोबर रंगाचा पापुद्राही हातात येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण : उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथं गोंद घट्टच होत नाही. सकाळी सावलीत करा किंवा करूच नका. हेअर ड्रायरनं पत्रा तापवून वर थंड पाणी टाकायचा उपाय पत्र्याच्या दरवाजावर क्वचितच चालतो. तोच उपाय प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र लागू पडतो. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, आतून बघितलं तर ‘पीपी’ अशी खूण असते. त्यावर कढत पाणी ओतलं की ते मऊ होतं आणि आतून हातानं ढकललं तर बरंचसं जागेवर येतं. यासाठी लागणारं हत्यार म्हणजे किटली.

पूर्वी पत्र्याला भोक पाडून त्यात स्क्रू घालून सरकत्या हातोडीनं पोचा ओढायचे. हत्यार स्वस्त, पण भोकातून पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत पुट्टीखालून गंज फुटतो. आता वॉशर किंवा खिळा वेल्ड करून ओढायचं यंत्र येतं, ते चांगलं आहे पण पहिल्या पेटीचं नाही. दोन-चार शेडवाल्यांनी मिळून एक घेतलं तरी चालतं.

ग्राइंडर मात्र लागतोच. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर चकतीचा, ओळखीच्या कंपनीचा घ्या, अडीच-तीन हजारांत येतो. इथं पैसे वाचवू नका. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणारी वस्तू आहे ती. चकतीवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल तो आकडा आणि वापरायची अंतिम तारीख छापलेली असते, दोन्ही वाचा. राळेनं बांधलेली जुनी चकती वरून चांगली दिसली तरी फुटू शकते. रंग काढायला दगडी चकती लावू नका, ०.७ मिलिमीटरच्या पत्र्यातून ती सहज पलीकडे जाते आणि उष्णतेनं पत्रा पापडासारखा वाकडा होतो. फ्लॅप डिस्क लावा. आणि गार्ड काढून ग्राइंडर चालवणाऱ्याकडून काहीही शिकू नका, मग तो कितीही मोठा उस्ताद असो.

पक्कड, लॉकिंग प्लायर, पाने, स्क्रू ड्रायव्हर यांसाठी परदेशी नाव शोधायची गरज नाही. नाशिकच्या टपारिया कंपनीनं १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं अशी हत्यारं बनवायला सुरुवात केली, आणि आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तिचा माल मिळतो. घासकागदाचंही तसंच : ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी १९४१ साली उरणजवळच्या मोऱ्याला सुरू झाली. घासकागदात स्वस्त माल घेतला तर एकाच्या जागी तीन लागतात. खरी गंमत अशी की कागदापेक्षा कागदामागचा ब्लॉक महत्त्वाचा. हातानं धरून घासलेल्या कागदाला बोटांच्या रेघा पडतात. फूटभर लांबीचा सरळ लाकडी पट्टा सुताराकडून फुकटातही मिळेल.

पुट्टीबद्दल थोडं सविस्तर, कारण सोलापुरात ती वेगळी वागते. हार्डनर मिसळायची पॉलिस्टर पुट्टी साधारण शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर घेते. डब्यावरची मुदत समशीतोष्ण हवेसाठी लिहिलेली असते. एप्रिल-मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा चार मिनिटांची पुट्टी दोन मिनिटांत पातीवरच गोठते. नवशिक्या घाबरून दुसऱ्या वेळी भसाभस घोळ करतो. त्याऐवजी डब्यावर दिलेल्या मर्यादेतलं कमीत कमी हार्डनर घ्यावं, थोडी थोडी पुट्टी कालवावी आणि हे काम सकाळी दहाच्या आत उरकावं. उलट चूक हिवाळ्यात होते. पुट्टी लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातलं जातं आणि महिन्याभरानं पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग उमटतो. तीन मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी भरावी लागत असेल तर डेंटिंग अजून झालेलंच नाही, असं समजा. पुट्टी कोरडीच घासा. आपल्याकडे पाणी मारून घासायची सवय आहे, पण या पुट्टीत पाणी मुरतं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाखाली फोड येतात. पाणी प्रायमरनंतर.

आता कॉम्प्रेसर. शेडमध्ये कॉम्प्रेसर आला की आपण कामाला लागलो असं वाटतं, आणि बहुतेक नव्या शेडचं भांडवल इथंच अडकतं. चांगल्या स्प्रे गनला मिनिटाला आठ ते बारा घनफूट हवा लागते. स्वस्तात मिळणारा एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर चार घनफुटांच्या आसपास देतो. मडगार्डाच्या अर्ध्यावर दाब पडतो आणि रंगावर संत्र्याच्या सालीसारखे दाणे येतात. मोठा कॉम्प्रेसर घ्यायचा तर पैसे, थ्री फेज वीज, धूळ न येणारी बंदिस्त जागा, सगळंच लागतं. पहिलं वर्ष फक्त डेंटिंग करा, प्रायमरपर्यंत आणून रंगाचं काम गावातल्या चांगल्या पेंटरला द्या. नफ्यातला वाटा जाईल, पण तक्रार घेऊन परत येणारी गाडी वाचेल. दोन्ही कामं एकाच माणसाला सारखीच चांगली जमतात असं क्वचितच दिसतं.

ज्या गोष्टींवर घासाघीस करायची नाही त्या अंगाला लागणाऱ्या. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला गॉगल. पुट्टीच्या धुळीसाठी आयएस ९४७३ची खूण असलेला एफएफपी २ मास्क, रुमाल नव्हे. हार्डनर असलेला पीयू रंग किंवा क्लिअर कोट मारायचा असेल तर त्यात आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले की दम्याचा त्रास जडतो आणि एकदा जडला की पुन्हा त्या रंगाजवळ जाता येत नाही. त्यासाठी धुळीचा मास्क कुचकामी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो परवडत नसेल तर पीयू रंग आपण मारायचा नाही. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर ओढला गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. आधी जस्त घासून काढावं आणि उघड्यावर वेल्डिंग करावं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, खाली स्टँड लावावेत. हवा पुरवणारा मास्क सोडला तर हे सगळं मिळून दोन-अडीच हजारांचं काम आहे.

आणि काही कामं नाकारायची. जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. बंपरवर जाड रंग किंवा पुट्टी चढवली की सेन्सर खोटं बोलतात. दरवाजात, खांबात एअरबॅगचे सेन्सर असू शकतात, म्हणून ठोकण्याआधी बॅटरी सोडून थोडं थांबावं आणि एअरबॅगच्या वायरिंगला हात लावू नये. दोन दरवाजांमधला खांब बऱ्याच गाड्यांत फार कडक जातीच्या पोलादाचा असतो. तो तापवून सरळ केला तर दिसायला सरळ होतो, पुढच्या अपघातात वाचवत नाही. चेसी, खांब, छताची कड असं काही वाकलेलं असेल तर गाडी मोठ्या वर्कशॉपला पाठवा. दुचाकीची पोचा पडलेली पेट्रोल टाकी आणायचं प्रमाण गावात फार आहे. ती रिकामी केली तरी आत वाफ उरते. तिच्यावर वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका.

आता एकूण हिशेब. दोन हातोड्या, दोन डॉल्या, लोहाराकडचा चमचा, ग्राइंडर आणि चकत्या, लॉकिंग प्लायर आणि दोन क्लॅम्प, पाती, ब्लॉक, घासकागद, एक चांगला हातदिवा, अंगरक्षणाचं सामान आणि तो भंगारातला दरवाजा, हे सगळं दुकान आणि कंपनीनुसार आठ-दहा हजारांत बसतं. मोठ्या पेटीच्या किमतीत हे येतं आणि यातली एकही वस्तू पडून राहत नाही. यापुढचं भांडवल लागलं तर मुद्रा योजनेत, जी एप्रिल २०१५मध्ये सुरू झाली, शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. पीएम विश्वकर्मा योजनेतला १५ हजारांचा हत्यारांचा लाभ डेंटरालाही मिळतो असं सांगणारे भेटतील. त्या योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूपवाला आहे, पण मोटारीचा डेंटर नाही. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शिकायचंच असेल तर आयटीआयमध्ये दहावीनंतर ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आणि रंगकामाचा ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ हा वेगळा. प्रत्येक संस्थेत तो असेलच असं नाही. नसेल तर शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रमही हाताला तेच वळण लावतो. महाराष्ट्रातले आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन त्या वर्षी कोणते अभ्यासक्रम आहेत ते आधी विचारा आणि मगच हातोडी घ्यायला जा.